लाकडी पक्ष्याचे मूळ कसे ओळखावे?

रायगड जिल्ह्यात मुरूडच्या दक्षिणेस, राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा हे बंदर वसलेले आहे. खाडीपलीकडे दिघी दिसते आणि खाडीच्या मुखाशी, राजपुरी गावासमोर, जंजिऱ्याचा जलदुर्ग उभा आहे. अशा गावातील एखादे जुने कौलारू घर पाडताना माळ्यावरून कोरीव काम केलेला एक लाकडी पक्षी खाली आला, अशी कल्पना करू या. पंख मिटलेले, मान किंचित वाकलेली, चोचीचे टोक तुटलेले, अंगावर रंगाचे एक-दोन पोपडे. तो कोणाचा? देवळातला, चर्चमधला, वाड्यातला, गलबतावरचा, की मुलाच्या पाळण्यावरचा?

घरातील एक जण त्याला गरुड म्हणेल, दुसरा हंस म्हणेल, शेजारचा ख्रिस्ती गृहस्थ पवित्र आत्म्याचे कबुतर म्हणेल, तर भंगारवाला त्याची किंमत किलोवर करील. आपल्या धर्मग्रामांतही जुन्या चर्चच्या जागी नवे चर्च उभे राहताना वेदीचे, प्रवचनपीठाचे आणि छताचे लाकडी भाग सुटे होतात. त्या वेळी हाच प्रश्न आपल्यासमोर येतो. घाईने दिलेले उत्तर चुकते आणि चुकलेल्या उत्तरामुळे वस्तू हातची जाते. म्हणून लाकडी पक्ष्याचे सांस्कृतिक मूळ शोधण्याची रीत काय असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक किनारा, अनेक वाटा

प्रथम हा किनारा कसा आहे ते ध्यानी घेतले पाहिजे. आगरदांड्याच्या उत्तरेस चौल हे प्राचीन बंदर आहे. ग्रीक भूगोलकार टॉलेमी याला ते ठाऊक होते आणि अरब लेखकांनी त्याचा उल्लेख सैमूर या नावाने केला आहे. पोर्तुगिजांनी १५२१ साली तेथे किल्ला बांधावयास घेतला आणि १७४० साली चौल मराठ्यांच्या हाती गेले. तथापि रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मेळातून घडलेली बोली बोलतो. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असे म्हणतात. दक्षिणेस जंजिऱ्यावर आफ्रिकी मूळ असलेल्या सिद्दींची सत्ता होती. त्यांचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. याच पट्ट्यात कोळी, आगरी, भंडारी, कोकणी मुसलमान आणि बेने इस्राएल समाज पिढ्यान् पिढ्या राहिले.

या गावांतील तरुण खलाशी म्हणून दूरच्या बंदरांवर जात आणि परतताना तेथील वस्तू घरी आणीत. बालीच्या बाजारातला लाकडी गरुड किंवा पश्चिम आफ्रिकेतील सेनुफो लोकांच्या धनेश पक्ष्याची प्रतिकृती कोकणातील माळ्यावर सापडली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. याचा अर्थ असा, की वस्तू जेथे सापडली तेथेच ती घडली असे गृहीत धरता येत नाही.

वसईच्या घंटांचे उदाहरण आपल्या वाचकांना परिचित आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखात नेण्यात आल्या. वाईजवळच्या मेणवली येथील घाटावरील घंटेवर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया कोरलेली असून तिच्यावर १७०७ हे साल आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटा १७२१ सालची आहे. घंटेवर साल आणि चिन्ह असते, म्हणून ती आपली जन्मकथा स्वतः सांगते. लाकडी पक्ष्यावर बहुधा काहीही लिहिलेले नसते. त्याची कथा अन्य खुणांवरून वाचावी लागते.

चोचीवरून निर्णय का करू नये

पाहणारा सर्वप्रथम विचारतो, हा कोणता पक्षी? प्रश्न योग्य आहे, पण निर्णय त्यावर सोडता येत नाही. कारण एकच पक्षी अनेक परंपरांनी आपलासा केलेला असतो.

मोराचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात मोर हे सरस्वतीचे वाहन म्हणून रेखाटले जाते आणि कार्तिकेयाचे वाहनही मोरच आहे. प्राचीन ख्रिस्ती कलेत मोर हे अमरत्वाचे व पुनरुत्थानाचे चिन्ह मानले जाई. गरुड विष्णूचे वाहन आहे. मंदिरातील गरुड बहुतेक वेळा मानवी देहाचा, हात जोडलेला आणि पंख असलेला असतो. संपूर्ण पक्षिरूपातील गरुड ख्रिस्ती परंपरेत शुभवर्तमानकार संत योहानाचे चिन्ह आहे. चारही शुभवर्तमानकारांची चिन्हे यहेज्केलाच्या आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकांतील चार सजीवांवरून आली आहेत. अनेक देशांच्या चर्चमध्ये पवित्र ग्रंथ ठेवण्याचे पीठ पंख पसरलेल्या गरुडाच्या आकाराचे करीत, ते याच कारणाने.

दोन डोक्यांचा पक्षी तर अधिकच फसवा आहे. गंडभेरुंड या नावाने तो दक्षिण भारतात प्राचीन काळापासून परिचित आहे. विजयनगरच्या नाण्यांवर तो आहे, म्हैसूरच्या वोडेयार घराण्याचे ते चिन्ह होते आणि आज कर्नाटक राज्याच्या राजचिन्हात तो दिसतो. मात्र दोन डोक्यांचा गरुड युरोपातील हाब्सबुर्ग घराण्याचेही चिन्ह होता. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट त्याच घराण्याच्या स्पेनमधील शाखेकडे होता. ऑगस्टिनियन संघाशी निगडित वस्तूंवरही हे चिन्ह आढळते. तेव्हा गोवा वा चौलकडील लाकडी फळीवर असा पक्षी दिसला, तर तो कर्नाटकातून आला की युरोपातून, हे केवळ त्याच्या दोन माना पाहून सांगता येणार नाही.

ख्रिस्ती कलेतील आणखी एक पक्षी म्हणजे पेलिकन, चोचीखाली कातड्याची झोळी असलेला मोठा पाणपक्षी. तो स्वतःची छाती चोचीने फोडून आपल्या रक्ताने पिलांना जगवतो अशी प्राचीन आख्यायिका होती. निसर्गात तसे घडत नाही. परंतु मानवासाठी रक्त सांडणाऱ्या ख्रिस्ताचे आणि पवित्र मिस्साबलिदानाचे प्रतीक म्हणून ख्रिस्तसभेने हे चित्र स्वीकारले. ज्या कारागिराने पेलिकन कधी पाहिला नाही, त्याने तो घडवताना स्वतःच्या ओळखीचा हंस किंवा बगळा डोळ्यांपुढे आणला, तर ते स्वाभाविकच होते. म्हणून अशा पक्ष्याची झोळी शोधत बसू नये. मान छातीकडे वळली आहे काय आणि पायाशी उघड्या चोचींची पिले आहेत काय, हे पाहावे.

पाठ आणि पोट पाहावे

जाणकार मनुष्य लाकडी पक्षी हातात घेतल्यावर प्रथम त्याला उलटा करतो. वस्तूचा दर्शनी भाग कारागिराने लोकांसाठी केलेला असतो, तर पाठीमागचा भाग ती कोठे बसवली होती हे सांगतो. पक्षी कोणत्या कामासाठी घडला हे कळले, की निम्मा प्रश्न सुटतो.

जुन्या चर्चच्या प्रवचनपीठावर लाकडी छत्र असे. धर्मगुरूंचा आवाज वर न जाता लोकांपर्यंत पोहोचावा हा त्याचा हेतू. या छत्राच्या आतील बाजूस, धर्मगुरूंच्या मस्तकावर, पवित्र आत्म्याचे प्रतीक असलेले कबुतर कोरलेले असे. हे कबुतर खालून पाहावयाचे असल्याने त्याचे पोट आणि पंखांची खालची बाजू रेखीव, तर पाठ सपाट किंवा ओबडधोबड असते. पाठीवर खुंटीचे भोक असते आणि कधी किरणांच्या तबकडीवरून ते सुटे झाल्याची खूण उरलेली असते. पंख पसरलेला, पोटाकडून गुळगुळीत आणि पाठीकडून अपुरा असा पक्षी मिळाला, तर ही शक्यता प्रथम तपासावी.

वाड्यातील खांब आणि तुळई यांच्यामधील आधाराच्या लाकडावर पोपट, मोर किंवा घोडे कोरण्याची प्रथा गुजरातपासून महाराष्ट्रापर्यंत होती. तो पक्षी वजनदार, घट्ट लाकडाचा असून त्याच्या एका बाजूस खाचेत बसणारे चौकोनी कूस आणि माथ्यावर सपाट बैठक असते. त्याने भार वाहिलेला असतो आणि लाकडावर दाबाच्या खुणा दिसतात.

पाळण्यावर टांगावयाच्या चिमणाळ्यातील पाखरे याच्या अगदी उलट असतात. ती हलकी, लहान, सर्व बाजूंनी रंगवलेली असून पाठीवर दोऱ्यासाठी बारीक भोक असते. खेळण्यातील पक्ष्याच्या तळाशी चाकांच्या आसाचे भोक किंवा बैठकीची पट्टी सापडते आणि मुलांच्या हातांनी त्याचे कंगोरे झिजलेले असतात.

आगरदांड्यासारख्या बंदरात आणखी एक शक्यता विसरता कामा नये. पश्चिम किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या कोटिया जातीच्या गलबतांच्या नाळेचे टोक पोपटाच्या वळलेल्या डोक्यासारखे कोरलेले असे. गलबत मोडीत निघाले की त्याचे साग घरांच्या बांधकामात वापरले जाई. असा पक्षी केवळ मानेपर्यंतच असतो, त्याला पाय नसतात, लाकूड जाड असते आणि ऊन, खारे वारे व तेल यांनी त्याचा पृष्ठभाग रेषारेषांनी फाटलेला असतो. देवळात किंवा चर्चमध्ये छताखाली राहिलेल्या लाकडावर अशी झीज येत नाही.

लाकूड, रंग आणि खिळे

उपयोग ध्यानी आल्यावर द्रव्याकडे वळावे. साग सोनेरी तपकिरी, तेलकट स्पर्शाचा आणि विशिष्ट वासाचा असतो. शिसव गडद आणि जड असते. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळे असते आणि काळाबरोबर तपकिरी होते. पांगारा पांढरट आणि अतिशय हलका असतो. सावंतवाडीच्या चितारी समाजाने आपल्या प्रसिद्ध रंगीत खेळण्यांसाठी परंपरेने तोच वापरला. म्हणून हाती घेताच हलका वाटणारा, उजळ रंगांचा पोपट सावंतवाडीकडे बोट दाखवतो. उलट लाकूड ओक किंवा अक्रोडाचे निघाले, तर वस्तू परदेशातून आली असावी असा संशय बळावतो.

डोळ्यांनी केलेली ही ओळख मात्र प्राथमिकच समजावी. जुने, मळलेले लाकूड अनुभवी सुतारालाही चकवते. लाकडाची अगदी लहान कपची सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, तिच्यातील वाहिन्यांच्या रचनेवरून, ते कोणत्या वृक्षाचे हे तज्ज्ञ सांगू शकतात. डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था येथे या विषयाचे जाणकार आहेत.

कार्बन पद्धतीने वय काढता येईल काय, असे अनेक जण विचारतात. या पद्धतीने वृक्षाचा तो भाग केव्हा वाढला हे कळते, कोरीव काम केव्हा झाले हे नव्हे. जुन्या तुळईतून काल कोरलेला पक्षीही प्राचीन ठरेल. शिवाय साधारणतः १७व्या शतकाच्या मध्यापासून २०व्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या लाकडाचे नेमके वय या पद्धतीने सहसा मिळत नाही, कारण त्या काळातील वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एकमेकांत मिसळतात. आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक वस्तू नेमक्या याच काळातील असतात.

रंगाच्या थरांतून अधिक माहिती मिळते. युरोपीय पद्धतीच्या सोनेरी कामात लाकडावर प्रथम खडू वा जिप्सम आणि सरस यांचा पांढरा लेप, त्यावर तांबूस मातीचा थर आणि शेवटी सोन्याचा वर्ख असतो. तुटलेल्या कडेवर पांढरे, तांबडे आणि सोनेरी असे तीन थर एकावर एक दिसले, तर तो पक्षी चर्चच्या वेदीशी संबंधित असण्याची शक्यता वाढते. प्रशियन निळा हा रंग १८व्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे सापडला. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२८ नंतरचा आणि टायटॅनियमचा पांढरा १९२०च्या सुमारास बाजारात आला. सर्वांत आतल्या थरात टायटॅनियमचा पांढरा आढळला, तर वस्तूचा रंग त्यापूर्वीचा असू शकत नाही. हा निष्कर्ष वरच्या थरावरून काढू नये, कारण सणासुदीला पुन्हा पुन्हा रंग देण्याची आपली सवय जुनीच आहे.

खिळेही बोलतात. लोहाराने ठोकून केलेला खिळा चौकोनी आणि असमान असतो. तारेचा गोल खिळा १९व्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरला. पटाशी आणि किंकऱ्याच्या खुणा लहानमोठ्या असतात, तर यंत्राने कोरलेल्या वस्तूवर त्या एकसारख्या उमटतात. खिळा नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो. म्हणून कोणतीही एक खूण पुरेशी नसते. तीन-चार खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या म्हणजेच मत बनवावे.

हात कोणाचा, श्रद्धा कोणाची

येथवर आल्यावर मूळ प्रश्नच दोन प्रश्नांत विभागला जातो. पक्षी कोणी घडवला आणि तो कोणासाठी घडवला? आपल्या किनाऱ्यावर या दोहोंची उत्तरे वारंवार भिन्न येतात.

१५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने ख्रिस्तेतर कारागिरांकडून पवित्र प्रतिमा करून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, याचाच अर्थ असे काम सर्रास चालू होते. सुतार, सोनार आणि चितारी येथलेच होते. त्यांच्या हातांना मंदिराच्या कामाची सवय होती आणि त्याच हातांनी वेद्या, प्रवचनपीठे व संतांच्या प्रतिमा घडल्या. म्हणूनच गोव्यातील जुन्या प्रवचनपीठांना आधार देणाऱ्या आकृतींत नागिणींसारख्या स्त्रिया दिसतात आणि देवदूतांच्या चेहऱ्यांवर भारतीय डोळे उमटतात.

जुने गोवे येथील सांता मोनिका मठात असलेल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात पेलिकन पक्ष्याच्या रूपातील चांदीचे एक पात्र आहे. १७व्या शतकातील हे पात्र पवित्र भाकर ठेवण्यासाठी आणि भाविकांना तिचे दर्शन घडवण्यासाठी केलेले आहे. प्रतीक युरोपातून आले, परंतु ते पाहताना समईवरील हंसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या पक्ष्याला परका म्हणावे की आपला? तो ख्रिस्ती श्रद्धेचा आहे आणि भारतीय हाताचाही आहे. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी आहेत.

आपल्या माळ्यावरील पक्ष्यालाही हाच न्याय लावावा. मूळ सांगताना 'पोर्तुगीज' किंवा 'हिंदू' अशी एका शब्दाची चिठ्ठी चिकटवण्याऐवजी 'स्थानिक सागातील, स्थानिक कारागिराने चर्चच्या प्रवचनपीठासाठी केलेले कबुतर' असे पूर्ण वाक्य लिहावे. त्या वाक्यातील जो भाग सिद्ध झाला नसेल तेथे 'बहुधा' हा शब्द घालण्यास संकोच करू नये.

आपण काय करावे

अशा वस्तूचे सर्वांत मोठे नुकसान पहिल्या काही दिवसांत होते. तिला पाण्याने धुतले जाते, घासले जाते, व्हार्निश किंवा ऑइलपेंट फासला जातो, आणि ज्या थरांत तिचा इतिहास होता ते थर नाहीसे होतात. म्हणून प्रथम ती होती तशीच ठेवावी. सर्व बाजूंनी, विशेषतः पाठीकडून आणि तळाकडून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. ती कोणत्या खोलीत, कोणत्या वस्तूंसोबत, कोणत्या वर्षी मिळाली हे लिहून ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, कारण 'आजोबांनी मोडलेल्या गलबतातून आणले' असे एक वाक्य प्रयोगशाळेच्या अहवालाहून अधिक सांगून जाते. वाळवी लागलेली असल्यास ती वस्तू इतर लाकडापासून दूर, कोरड्या जागी ठेवून जाणकारांचा सल्ला घ्यावा. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र आणि गोरेगाव येथील महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय ही जवळची ठिकाणे आहेत.

कायदाही ध्यानात असू द्यावा. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ख्रिस्तसभेचे नियमही स्पष्ट आहेत. चर्चच्या मौल्यवान व सांस्कृतिक महत्त्वाच्या वस्तूंची अचूक यादी असावी असे कॅनन १२८३ सांगते. कला किंवा इतिहास यांमुळे मौल्यवान ठरलेली वस्तू परमपीठाच्या परवानगीवाचून विधिवत दुसऱ्याच्या मालकीची करता येत नाही, असे कॅनन १२९२ सांगते. ८ डिसेंबर १९९९ रोजी ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक वारशासंबंधीच्या परमपीठीय आयोगाने अशी यादी करणे आवश्यक आणि तातडीचे आहे, असे परिपत्रकाद्वारे जगभरच्या बिशपांना कळवले होते.

यादी नसलेली वस्तू हरवली, तर ती होती हेच सिद्ध करता येत नाही. एका वहीतील चार ओळी आणि तीन छायाचित्रे एवढ्यानेही ही उणीव भरून निघते, आणि हे काम करण्यास तज्ज्ञ असण्याची गरज नाही. धर्मग्रामातील तरुणांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर वेदीमागची खोली, घंटेचा मनोरा आणि जुनी कपाटे उघडून त्याचा आरंभ करावा. पक्षी कोणाचा हे कदाचित त्या दिवशी कळणार नाही. पण पुढे ज्याला ते ओळखता येईल, त्याच्या हाती पक्षी आणि त्याची नोंद ही दोन्ही सुखरूप पोहोचली पाहिजेत.